चाकांवरचं बिऱ्हाड

मंडळी, प्राथमिक शाळेत चौतीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस तुमच्याशी बोलतो आहे. तेव्हा बोलण्यात अधूनमधून मास्तर डोकावला तर सांभाळून घ्या. विषय मात्र शाळेतला नाही. एका जुन्या मोटारीत बिऱ्हाड मांडून, एकट्यानं, रानातली जनावरं पाहत आणि डोंगरवाटा तुडवत मी सोळा दिवस हिंडून आलो, त्याची ही हकीकत आहे. पण तिची सुरुवात शाळेतच झाली, त्याला माझा इलाज नाही.

साल १९९६. पाथर्डी तालुक्यात माझी नेमणूक होती. तेव्हा आम्ही अहमदनगर जिल्हा म्हणत असू, आता तो अहिल्यानगर झाला. आमच्या त्या भागातली कितीतरी घरं दिवाळी झाली की बैलगाडीत संसार भरून ऊसतोडीला निघतात. आईबापांबरोबर पोरंही जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत येऊन वर्गात बसतात. असाच एक मुलगा पाचवीत होता. कोल्हापूरकडं राधानगरीच्या बाजूला त्याच्या घरच्यांची टोळी होती. मी त्या दिवशी रानटी जनावरांचा पाठ घेत होतो. फळ्यावर गवा काढला आणि सांगितलं, "गवा म्हणजे रानातला रेडा. रेड्यासारखाच, अंगभर काळा." हा मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, गव्याचे पाय गुडघ्याखाली पांढरे असतात. चुन्यात बुडवल्यागत." वर्ग हसला. वर्ग हसला म्हणून मीही हसलो. पुन्हा तो म्हणाला, "मी पाहिलाय गुरुजी." मग मी त्याला खाली बसवलं. कसं बसवलं, ते शेवटी सांगतो.

त्यानंतर दीड-दोन वर्षांनी तालुक्याच्या वाचनालयातून एक पुस्तक आणलं, त्यात गव्याचं चित्र होतं. चारी पाय गुडघ्याखाली पांढरे. इतकंच नव्हे, तर गवा हा रेडा नव्हेच. तो गाईबैलांच्या कुळातला आहे; म्हशीशी त्याचं नातं लांबचं. ईशान्येकडच्या डोंगरात लोक मिथुन नावाचं जे जनावर पाळतात, ते याचंच जवळचं भावंड. म्हणजे मी फळ्यावर चित्रही चुकीचं काढलं होतं आणि नावही चुकीचं सांगितलं होतं. तोवर तो मुलगा शाळा सोडून गेला होता. मी ते पुस्तक परत केलं आणि कुणाला काही बोललो नाही. पुढं वीस-बावीस वर्षं गव्याचे पाय पांढरेच शिकवले, परंतु पाहिलेले नव्हते. शिक्षक मंडळी ऐकत असतील त्यांना विचारतो, आपण जे शिकवतो त्यातलं किती आपण पाहिलेलं असतं?

असो. २०१९ साली निवृत्त झालो. २०२२ मध्ये माल वाहणारी एक जुनी बंद टपाची गाडी हाती आली. आत काही कायमचा बदल करायचा तर परिवहन कचेरीत रीतसर नोंद करावी लागते, ती केली. गावच्या सुताराकडून साडेसहा फुटांची फळी बसवून घेतली. दिवसा ती बाक, रात्री खाट. फळीखाली पाण्याचे दोन वीस लिटरचे डबे, शिध्याची पत्र्याची पेटी, एक लहान गॅसची शेगडी, कुदळ, दोरखंड. खिडक्यांना डासांची जाळी. दुर्बीण आणि वही डोक्यापाशी. आमच्या मंडळींना बरोबर चला म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "माझ्या घराला चाकं नकोत." तेव्हा एकट्यानं जायचं ठरलं ते काही वैराग्य म्हणून नव्हे.

अशा गाडीत राहायचं तर दोन-तीन गोष्टी आधी सांगून टाकतो, कारण पुढं बोलण्याच्या भरात राहून जातील. बंद गाडीत शेगडी पेटती ठेवून कधीही झोपू नये. थंडी कितीही असो. जळणाचा विषारी वायू साचतो, त्याला वास नसतो, आणि झोपलेला माणूस उठत नाही. स्वयंपाक दार उघडं ठेवून करावा आणि झोपताना खिडकी चार बोटं उघडी असावी. दुसरं, मुक्काम अंधार पडायच्या आत आणि विचारून करावा. मी शाळेचं पटांगण, देवळाचं आवार नाहीतर पेट्रोल पंप गाठत असे, आणि सरपंच किंवा पोलीस पाटील यांच्या कानावर घालत असे. चाळीस गावांत कुणी नाही म्हटलं नाही; मात्र न विचारता थांबलो तिथं एकदा मध्यरात्री पंचवीस माणसं काठ्या घेऊन आली. चूक माझीच होती. तिसरं, प्रातर्विधीला बसायचं तर पाणवठ्यापासून दूर, खड्डा करून, आणि नंतर तो बुजवून. हसू नका. कुदळ त्यासाठीच होती.

२०२५ च्या फेब्रुवारीत निघालो. पहिला मुक्काम कर्जत तालुक्यात रेहेकुरीला. हे काळविटांचं अभयारण्य १९८० साली झालं. क्षेत्र सव्वादोन चौरस किलोमीटरसुद्धा नाही, एखाद्या गावच्या शिवाराएवढं. पण तिथं मला गाडीचा पहिला गुण कळला. सकाळी परवानगी काढून कडेला उभा राहिलो, इंजिन बंद केलं आणि आत बसून राहिलो. पंधरा मिनिटांनी काळविटांचा कळप असा चरू लागला, जशी गाडी म्हणजे एखादा धोंडाच आहे. नर वरून काळसर तपकिरी, पोटाशी पांढरा, शिंगं पिळाची. माद्या पिवळट आणि बिनशिंगाच्या. मग मला वाटलं, उतरून थोडं जवळ जावं. दाराचा आवाज झाला आणि एक पाय खाली टेकला, तोच एक मादी जागच्या जागी उंच उडाली, तिच्यामागं दुसरी, तिसरी, आणि सारा कळप माळाच्या पार. त्यांना मोटार कळत नाही, माणसाचं दोन पायांवरचं रूप बरोबर कळतं. त्या दिवशी मी उतरायचं नाही असं शिकलो.

जाता जाता एक सांगतो. त्या माळाला लोक पडीक म्हणतात. गवताचा माळ पडीक नसतो. काळवीट, चिंकारा, लांडगा, माळटिटवी, चंडोल यांचं घरच ते. पुण्याच्या भावनेनं आपण त्यावर खड्डे खणून दाट झाडं लावतो, आणि उघड्यावर दूरवर पाहून जगणाऱ्या या जिवांची नजरच बंद करतो. शाळेच्या वृक्षारोपणाला मीही अशा माळावर पोरं नेलेली आहेत. झाडं लावावीत, ती गावात, बांधावर, ओढ्याकाठी लावावीत.

तिथून भिगवण जवळच. भीमेवर उजनीचं धरण १९८० साली पुरं झालं, त्याचं पाणी इथवर पसरलं आणि उथळ काठांवर पाणपक्ष्यांना चारा झाला. हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, त्यांना कुणी अग्निपंखही म्हणतात. एका कोळीबुवांच्या होडीतून गेलो. रोहिताची मान लांब आणि चोच मध्येच वाकडी का, हे मी शिकवत आलो होतो. पण तो डोकं उलटं करून चोच पाण्यात घालतो आणि गाळणीसारखं पाणी गाळतो, हे उलटं डोकं प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पटत नाही. त्याचा गुलाबी रंग त्या गाळून घेतलेल्या शेवाळ-कोळंबीतून येतो. लगतच पट्टकादंब नावाची हंसं बसली होती, डोक्यावर दोन काळे पट्टे. ही हिमालय ओलांडून मध्य आशियातून येतात. दुसऱ्या होडीतले लोक ओरडत होते, "उडवा, उडवा, फोटो पाहिजे!" आमच्या कोळीबुवांनी वल्हं आडवं धरलं आणि मला म्हणाले, "दादा, एकदा उडाली की त्यांची अर्ध्या घटकेची भूक जाते. तुम्हाला घाई आहे का?" मला घाई नव्हती.

घाई दोन दिवसांनी झाली, आणि ती मला भोवली.

भिगवणहून कोल्हापूरकडं येताना वाटेत चाक पंक्चर झालं. ते काढून, दुरुस्त करून, पुढं निघेपर्यंत दुपार कलली. राधानगरी कोल्हापूरपासून पंचावन्न किलोमीटरच्या आसपास. माझा नेम असा, की सूर्य मावळायच्या आत चाक थांबलं पाहिजे. पण मनानं घेतलं, आजच पोचू, उद्या पहाटे गवा बघू. इतकी वर्षं थांबलेला माणूस एक रात्र थांबायला तयार नव्हता. अंधार पडला. रस्ता मोकळा होता. मी दिवे पूर्ण लावले आणि वेग वाढवला.

एका वळणापुढं डांबरावर लालसर दोन ठिपके चमकले. मला वाटलं, काचेचा तुकडा असेल. ठिपके हलले नाहीत. मग अगदी पुढच्या चाकाशी काहीतरी फडफडलं आणि बारीकसा आवाज झाला. मूठभर माती पत्र्यावर टाकावी, एवढाच.

थांबलो. बॅटरी घेऊन मागं चालत गेलो. रस्त्याच्या कडेला रातवा पडला होता.

रातवा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो, पाहिलेला कमी. तिन्हीसांजेला फरशीवर गोटी सोडावी आणि तिनं टक्, टक्, टक्-टक्-टक् करत वेग घेत जावं, तसा ज्याचा आवाज येतो, तो हा. दिवसा पाचोळ्यात बसतो तेव्हा पायाखाली आला तरी दिसत नाही, कारण पिसांचा रंग वाळल्या पानांचा आणि सालीचा. घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर अंडी घालतो. आपले वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्ली यांनी तर एका पुस्तकाला याचंच नाव दिलं. मी तो उचलला. हातात घेतला तेव्हा पहिल्यांदा कळलं की त्याला वजन म्हणून नाहीच, सगळी पिसंच. चोच एवढीशी, पण तोंड उघडलं तर पार कानापर्यंत, आणि कडेनं राठ मिशा. उडता उडता किडे धरायचं जाळंच ते. पाय इतके आखूड की आहेत का नाहीत. मधल्या बोटाच्या नखाला फणीसारखे बारीक दाते. हे सारं मी वर्गात सांगितलेलं होतं. आणि हेही सांगितलेलं होतं, की रात्री रस्त्यावर बसायची या पक्ष्याला खोड असते. डांबर दिवसभर तापलेलं असतं, त्याची ऊब धरून राहते; आणि मोकळ्या रस्त्यावरून आभाळाच्या उजेडात उडणारा किडा त्याला स्वच्छ दिसतो. त्याचे डोळे दिव्यात लाल चमकतात, हेसुद्धा मी सांगितलं होतं. मला ठाऊक होतं, आणि मी काच समजलो.

अंग अजून गरम होतं. करवंदीच्या जाळीखाली त्याला ठेवलं. पुढं बारा-पंधरा किलोमीटर मी गाडी वीसच्या वेगानं चालवली. त्या रात्री जेवलो नाही, हे सांगण्यासारखं नाही, पण घडलं ते असं.

राधानगरी-दाजीपूरचं रान १९५८ साली राखीव झालं, महाराष्ट्रातलं ते पहिलं अभयारण्य. आता पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात, २०१२ पासून, त्याची गणना आहे. धरण शाहू महाराजांचं. आत जायचं तर वनखात्याची परवानगी आणि बरोबर वाटाड्या लागतो, आपल्या गाडीत झोपायला तर आत मुळीच मुभा नाही, आणि ते योग्यच आहे. मी बाहेर गावात गाडी लावली आणि दोन दिवस वाटाड्याबरोबर फिरलो. सावराईच्या सड्यावर गेलो. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचा जांभ्या दगडाचा सपाट खडक. पावसाळ्यात त्यावर गवत आणि फुलं, फेब्रुवारीत पिवळी सुकी काडी. गव्याचं शेण पाहिलं, खूर पाहिले, झाडाला अंग घासलेलं पाहिलं. शेकरू पाहिलं. ही आपली राज्य-खार, लांब झुपक्याची तांबूस शेपटी, एका झाडावरून दुसऱ्यावर झेप घेते आणि जमिनीवर सहसा येत नाही. राखी धनेश पाहिला; म्हातारा खोकता खोकता हसावा तसा ओरडतो. सारं पाहिलं, गवा सोडून. वाटाड्या म्हणाला, "काका, परवा सात होते इथं." रानातली जनावरं नेहमी परवा असतात.

मग भुदरगड तालुक्यात पाटगावला गेलो. मौनी महाराजांच्या मठाचं हे गाव. अलीकडं मधाचं गाव म्हणूनही त्याचं नाव झालं आहे. तिथून पुढं भटवाडी, आणि भटवाडीपासून रांगण्याची पायवाट. रांगणा हा सह्याद्रीच्या अगदी कडेवरचा किल्ला, खाली कोकणात नारूर. भटवाडीत गाडी लावली. काचेच्या आत चिठ्ठी ठेवली: "रांगण्याला गेलो आहे. एकटा. सूर्यास्तापूर्वी परत. न आल्यास पोलीस पाटलांना सांगावे." खाली तारीख, वेळ. एकट्यानं डोंगरात जाणाऱ्यानं ही चिठ्ठी ठेवलीच पाहिजे. मोबाइलला रानात रेघ येत नाही, पण चिठ्ठी वाचायला रेघ लागत नाही. शिवाय एका घरी तोंडीही सांगितलं. तिथल्या म्हाताऱ्या आजी म्हणाल्या, "जा, पण गाणी म्हणत जा. मुकाट्यानं जाऊ नको. जनावर दचकतं." मी हो म्हटलं. पण पक्षी दिसावेत म्हणून मुकाट्यानंच गेलो.

वाट सुरेख आहे. जांभूळ, अंजन, हिरडा. मध्येच एखादा पांगारा पानं गाळून नुसता लाल उभा. खाली कारवीचं रान. ऊन पानांतून गाळून येतं, ओढ्याला थोडं पाणी. दीडेक तास चाललो असेन. एका वळणावर वास आला, गोठ्यासारखा, पण जरा उग्र. मी थांबलो. आवाज काही नाही. मग कारवीच्या झाडीखालून मला चार पाय दिसले.

अंग दिसत नव्हतं. पानांच्या मागं काळं काहीतरी होतं, सावली म्हणावी तसं. पण खाली, जमिनीपासून गुडघ्यापर्यंत, चार पांढरे पाय. चुन्यात बुडवल्यागत.

त्या मुलाचे शब्द मला तिथं जसेच्या तसे आठवले. तेव्हा कळलं की त्यानंही गवा असाच पाहिला असणार. दहा वर्षांच्या पोराच्या उंचीवरून, उसाच्या किंवा झाडीच्या खालून, आधी पाय. म्हणून त्यानं बाकी काही न सांगता पायच सांगितले. पुस्तकातला गवा आधी शिंगांनी दिसतो, खरा पायांनी.

अंतर वीस-पंचवीस पावलं. पान हललं आणि डोकं बाहेर आलं. मोठा नर गवा खांद्याशी माणसाएवढा उंच असतो आणि वजनाला दहा क्विंटलपर्यंत भरतो; पण आकडे तिथं उपयोगी पडत नाहीत. दोन शिंगांच्या मधलं कपाळ फिकट, डोळे शांत. त्यानं फुसकारा सोडला. मग तो हळूच वळून माझ्यासमोर आडवा उभा राहिला. मला वाटलं, चालला. मान उंच, पाठीवरचा उंचवटा ताणलेला, सगळी कूस माझ्याकडं. मी दुर्बिणीकडं हात नेणार होतो. पण रेहेकुरीची काळविटं आठवली, आणि रातवाही आठवला, आणि हात खाली घेतला. पाठ न दाखवता एक एक पाऊल मागं सरलो, एका जाड झाडाआड झालो आणि उभा राहिलो. किती वेळ, सांगता येत नाही. तो गेला तेव्हा एवढं मोठं धूड कारवीतून जातानाही फार आवाज झाला नाही.

संध्याकाळी आजींना सांगितलं. त्यांचा मुलगा ऐकत होता. तो म्हणाला, "गुरुजी, आडवा उभा राहिला म्हणजे चालला नव्हता. मी केवढा आहे बघ, असं दाखवत होता तो. त्यावर तुम्ही एक पाऊल पुढं टाकलं असतं तर आज आम्ही चिठ्ठी वाचली असती." एकांडा नर भेटला तर वाट त्याची. ओरडू नये, धावू नये, दगड मारू नये. त्याला जायला बाजू मोकळी राहील असं मागं हटावं. कळपात वासरं असतील तर आणखी लांब. हे मी माझ्या अकलेनं नव्हे, त्या मुलाच्या तोंडून सांगतो आहे. त्या भागातल्या लोकांच्या उसात आणि भातात रोज रात्री गवे उतरतात. गव्याविषयी कौतुकानं बोलण्याआधी आपण त्यांचं नुकसानही ऐकून घ्यावं. आजींचा अर्धा वाफा त्याच आठवड्यात गेला होता. त्यांनी गव्याला दोन शिव्या दिल्या आणि मला भाकरी वाढली.

किल्ला मी दुसऱ्या दिवशी पाहिला, या वेळी गाणी म्हणत. तटावरून कोकण दिसतं, रांगणाईचं देऊळ आहे, तळं आहे. पण माझं लक्ष नव्हतं. मला घरी जायचं होतं. परतीचे चार दिवस मी रोज दुपारी चारला गाडी लावली. एका मुक्कामी शाळेतली पोरं गाडीभोवती जमली. फळीखालची पेटी, शेगडी, जाळी, सगळं त्यांनी उघडून पाहिलं, आणि एक मुलगी म्हणाली, "आमचं पण असंच असतंय, फक्त बैलं असतात." ऊसतोडीच्या कोप्यावरून आलेली होती.

गावी आल्यावर त्या मुलाचा शोध केला. मुलगा म्हणतो, पण आता चाळिशीला आला आहे. दुधाचा टँकर चालवतो, बहुतेक रात्रीचाच. वस्तीवर घर बांधलं आहे. मी गेलो तेव्हा नुकताच झोपून उठला होता. "गुरुजी, तुम्ही?" म्हणाला आणि पाया पडायला वाकला. मी म्हटलं, "अरे थांब. आधी ऐक. गव्याचे पाय पांढरे असतात. मी पाहून आलो. तू खरं बोलला होतास." त्याला काही आठवत नसेल, अशी माझी थोडी आशा होती, खोटं कशाला बोलू.

तो जरा गप्प राहिला. मग म्हणाला, "दोन छड्या होत्या गुरुजी. उजव्या हातावर."

मी म्हटलं, "होय."

त्याच्या बायकोनं चहा आणला. आम्ही प्यालो. गाडीचं, प्रवासाचं बोलणं निघालं आणि बोलता बोलता मी रातव्याचंही सांगितलं. तो लगेच म्हणाला, "लाल डोळ्याचं, रस्त्यावर बसतंय ते? मला रोज भेटतंय, घाटाखाली तर दोन-दोन, तीन-तीन. त्याला पूर्ण दिवा मारायचा नाही गुरुजी. डोळ्यावर आलं की ते बसूनच राहतंय आणि अगदी शेवटी उठतंय. लाल ठिपका दिसला की दिवा खाली घ्यायचा, पाय काढायचा, तीसच्या आत आणायचं. मग ते उठून बाजूला जातंय. हॉर्नचा काही उपयोग नाही. अठरा वर्षं झाली टँकर चालवतोय, दोनच गेली माझ्या हातनं, ती पण सुरवातीला."

मी खिशातली वही काढली आणि त्याला म्हटलं, "पुन्हा सांग. सावकाश सांग." त्यानं सांगितलं, आणि मी लिहून घेतलं.